टीव्हीवाल्यांत एवढी स्पर्धा असूनही दर कमी का होत नाहीत? केबल घ्यावी की डिश?

तुम्ही लिहिलंय की तुमचा केबलवाला महिन्याला २८० रुपये घेतो, शेजारच्या डिशच्या छत्रीवर जवळपास तेवढ्याच पैशात तीच चॅनल दिसतात, मग स्पर्धा असून फायदा काय, आणि शेवटी विचारलंय, "केबलवाले लुटतात का?" त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसलोय. माजलगावात मी १९९९ पासून २०२१ पर्यंत केबल चालवली. हा प्रश्न मला माझ्याच घरच्या माणसानं भर पंगतीत विचारलाय, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

आधी तुमच्या २८० रुपयांचा हिशोब. समजा १३० रुपये नेटवर्कचं भाडं, बिलावर एनसीएफ लिहिलेलं असतं ते. आणि १०७ रुपयांची पेड चॅनल. झाले २३७. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४२ रुपये ६६ पैसे. बेरीज २७९ रुपये ६६ पैसे. आता वाटणी बघा. जीएसटी सरकारचा. चॅनलच्या १०७ मधले ८० टक्के चॅनलच्या मालक कंपनीचे. उरले २१ रुपये ४० पैसे. हे आणि वरचे १३० मिळून जे होतं त्यातले ५५ टक्के एमएसओचे, म्हणजे ज्याच्या कंट्रोल रूममधून सिग्नल येतो त्याचे, आणि ४५ टक्के गल्लीतल्या ऑपरेटरचे. माझ्या हातात आले ६८ रुपये. त्यातून वायर, नोडची, म्हणजे गल्लीतल्या सिग्नलच्या पेटीची वीज, जळालेले अँप्लिफायर, खांबावर चढणाऱ्या पोराचा पगार. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या एवढ्या उंच भरून येतात की बायपासवरची वायर आठवड्यातून दोनदा तुटायची. ती जोडायचा खर्चही त्याच ६८ मधून.

मग स्पर्धा कुठं आहे? चॅनलच्या दरात नाहीच. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या, म्हणजे दिल्लीतल्या दूरसंचार नियामकाच्या नव्या नियमानं चॅनलचा दर मालक कंपनी जाहीर करते, आणि माजलगावच्या केबलवर तोच, मुंबईच्या डिशवरही तोच. पॅकमध्ये टाकायच्या चॅनलला १९ रुपयांची मर्यादा होती. त्याबरोबर स्टार प्लस, झी टीव्ही, कलर्स, सोनी, झी मराठी, सगळ्यांनी नेमके १९ लावले. मर्यादा घातली आणि तीच किंमत होऊन बसली. सुटी चार-पाच चॅनल घेतली की शंभराच्या जवळ जायचं, आणि तीच चॅनल इतर दहा न बघायच्या चॅनलांबरोबर पॅकमध्ये निम्म्या पैशात. माणूस पॅकच घेणार. १९ चे १२ करायचं २०२० मध्ये ठरलं, कोर्टात गेलं, कंपन्यांनी मोठी चॅनल पॅकबाहेर काढायची तयारी केली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायनं परत १९ केले. या सगळ्यात केबलवाल्याला कुणी विचारलं नाही, पण शिव्या दारावर त्यालाच मिळाल्या.

फेब्रुवारी २०१९ मधली एक संध्याकाळ सांगतो. माझ्या लाइनवर एक आजी होत्या. मुलगा आणि सून कोयत्यावर, म्हणजे दसरा झाला की ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, ते थेट उन्हाळ्यात परत. दोन नातवंडं आजीपाशी, नगरपरिषदेच्या शाळेत. पत्र्याची एक खोली, टीव्हीवर विणलेला रुमाल, रिमोट पिशवीत घालून वर रबर लावलेलं. त्यांचं वर्षाचं केबलचं बिल एकदाच यायचं, मुलाला मुकादमाकडून उचल मिळाली की. तोवर मी पावती पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं मांडून ठेवायचो. महिना १५०, सगळी चॅनल. असे माझ्याकडं दीड-दोनशे लोक होते. कुणाचा कापूस विकला की, कुणाचं सोयाबीन गेलं की. २०१६ साली, लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली त्या उन्हाळ्यात, मी चार महिने कुणाच्या दारात वसुलीला गेलो नाही.

तर त्या संध्याकाळी त्यांच्या उंबऱ्यावर बसून चॅनल निवडीचा फॉर्म भरू लागलो. त्यांना हवं होतं झी मराठी, सह्याद्री, भजनाचं एखादं चॅनल आणि पोरांना कार्टून. मी सांगितलं की अजून एकही पेड चॅनल न घेता १५३ रुपये ४० पैसे झाले. आजींनी फॉर्म हातात घेतला, उलटा धरला, मला परत दिला.

"बापू, कालपर्यंत दीडशेत सगळं दिसत होतं की. मंग आता कमी बघायचं अन् जास्त द्यायचं? हे कुणी ठरवलं?"

मी दिल्ली म्हणालो. दुसरं काय सांगणार?

दुसरी गोष्ट त्यांना कळली नाही, मला मात्र फार लागली. आधी मी एमएसओला महिन्याचे ठोक पैसे द्यायचो, मग कुणाला किती दिवस थांबायचं ते माझं मी बघायचो. नव्या पद्धतीत प्रत्येक बॉक्सचे पैसे आधी पोर्टलवर भरायचे, नाहीतर बॉक्स रात्री आपोआप बंद. म्हणजे आजींची उधारी मी चालू ठेवायची तर तेवढे पैसे आधी माझ्या खिशातून जाणार. मी ठेवली. आठ महिने ठेवली.

त्या दिवाळीत माझे मेव्हणे आले. बीडला त्यांचं डिशचं दुकान होतं. कंपनीचं नाव घेत नाही. स्कीम होती, छत्री बसवा आणि सहा महिने रिचार्ज नाही. त्यांच्या पोरानं आमच्या गल्लीतली अकरा घरं एका दिवसात त्यांच्याकडं ओढली, त्यात आजीचंही. आजी स्वतः माझ्याकडं आल्या, उचलीतून सगळी बाकी दिली, मोजून, आणि म्हणाल्या, "पोरं ऐकत नाहीत बापू, राग मानू नका." मी बॉक्स काढून आणला. धंदा आहे, गिऱ्हाईक जातं. मेव्हण्यांना मी त्या वेळी एक शब्दही बोललो नाही.

एप्रिल २०२० मध्ये सहा महिने संपले. लॉकडाऊन. मुलगा आणि सून कारखान्यावर अडकलेले, जिल्ह्याच्या सीमा बंद. शाळा बंद, दोन पोरं दिवसभर घरात, आणि टीव्हीवर फक्त एक पाटी: रिचार्ज करा. दूरदर्शनवर जुन्या मालिका परत लागल्या होत्या, तेही दिसेना. कंपनीच्या नंबरला फोन लावला तर नोंदवलेल्या मोबाइलवरून लावा म्हणे. नोंदवलेला मोबाइल मुलाचा, म्हणजे कारखान्यावर. दुकान बंद, मेव्हण्यांचा फोन लागेना. केबल अत्यावश्यक सेवेत होती, माझ्याकडं पास होता. मी जुनाच बॉक्स घेऊन गेलो आणि वायर जोडली. धाकटा नातू बॉक्सचा हिरवा दिवा लागेपर्यंत टीव्हीला नाक लावून उभा होता. त्या तीन महिन्यांचे पैसे मी मांडलेसुद्धा नाहीत.

पुढच्या वर्षी बायकोच्या भाचीचं लग्न. पंगतीत विषय निघाला आणि मेव्हणे मोठ्यानं म्हणाले, "दाजी, तुम्ही लोकांनी वर्षानुवर्षं लुटलं, म्हणून लोक छत्री लावतेत." सगळे माझ्याकडं बघू लागले. मी ताटावरून उठलो. तेव्हापासून भाऊबिजेला बायको एकटीच माहेरी जाते.

आता त्यांच्या बोलण्यातलं जे खरं आहे तेही लिहितो, नाहीतर हे उत्तर खोटं होईल. २००४ मध्ये गावात दुसरा ऑपरेटर आला. मी १२० घेत होतो, त्यानं ९० केले, मी ६० केले. रात्री एकमेकांच्या वायरी तोडल्या. वर्षभरात दोघंही कर्जात. शेवटी बसलो आणि गल्ल्या वाटून घेतल्या: बसस्टँडच्या अलीकडं मी, पलीकडं तो. पुढच्याच महिन्यापासून दर १३०. गिऱ्हाइकाला निवड राहिली नाही, आणि ती आम्ही काढून घेतली. यात मेव्हणे बरोबर आहेत. छत्री आली नसती तर आम्ही तो दर आणखी वाढवला असता, हेही खरं.

पण छत्र्यांची स्पर्धाही काही फार टिकली नाही. २००९ च्या सुमाराला पैसे घेणाऱ्या सहा डीटीएच, म्हणजे छत्रीवाल्या कंपन्या होत्या. आमच्या मराठवाड्यातच, चितेगावला कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनची डीटूएच त्याच वर्षी आली होती, तेव्हा आम्हा केबलवाल्यांनाही तिचं कौतुक वाटलं होतं. ती २०१८ मध्ये डिश टीव्हीत गेली, रिलायन्सची बिग टीव्ही मिटली. उरल्या चार. आणि एकदा बॉक्स घेतला की तुम्ही त्याच कंपनीचे. मोबाइलचा नंबर २०११ पासून दुसऱ्या कंपनीत नेता येतो, तसा टीव्हीचा बॉक्स नेता येत नाही. कुठल्याही कंपनीला चालेल असा बॉक्स असावा अशी शिफारस ट्रायनं एप्रिल २०२० मध्ये केली, माझ्या पाहण्यात तरी तसा बॉक्स दुकानात आलेला नाही. तो आला तर दर उतरतील. तोवर पहिले सहा महिने स्वस्त आणि नंतर सगळ्यांचं सारखं, असंच चालणार.

तुम्ही काय घ्यावं? गावात राहत असाल आणि ऑपरेटर हाकेच्या अंतरावर असेल तर केबल. शेतात, वस्तीवर राहत असाल तर छत्री, तिथं वायर पोचत नाही आणि पोचली तरी टिकत नाही. मृगाच्या पावसात दोन्ही बंद पडतात. केबल विजेनं, छत्री ढगानं. महिन्याला काहीच द्यायचं नसेल तर डीडी फ्री डिश, एकदा छत्री-बॉक्सचे पैसे दिले की संपलं. आमच्याकडच्या ऊसतोड टोळ्या तीच छत्री ट्रॅक्टरवर बांधून नेतात आणि कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीवर लावतात. घरात सगळे मोबाइलवरच बघत असतील तर यातलं काहीच घेऊ नका. डीटीएचची गिऱ्हाइकं एके काळी सात कोटींच्या आसपास होती, आता सहा कोटींच्या खाली आहेत. ती केबलकडं आलेली नाहीत.

दोन गोष्टी राहिल्या. वरची ५५-४५ ची वाटणी ट्रायच्या नमुना कराराची आहे. एमएसओ आणि ऑपरेटरचा आपसात वेगळा करार असेल तर आकडे बदलतील. आणि जुलै २०२४ मध्ये नेटवर्कच्या भाड्यावरची १३० ची मर्यादा उठली, म्हणजे ते आता ज्याचं तो ठरवतो. तुमच्या बिलावर ते किती लावलंय ते बघा, घासाघीस करायची ती तिथंच, चॅनलच्या दरावर नाही. डिशवाल्यांच्या बाजूनं एवढंच म्हणतो की त्यांना उत्पन्नाच्या ८ टक्के परवाना शुल्क सरकारला द्यावं लागतं, उपग्रहाचं भाडं वेगळं. केबलला ते नाही.

आणि आमचे मेव्हणे हे वाचतील, त्यांना मी लिंक पाठवणार आहे. २८० मधले माझे ६८ कसे होतात ते वर मांडलंय. गल्ल्या वाटल्याचंही मांडलंय. आकडा चुकला असेल तर खाली लिहा, मी दुरुस्त करीन. बरोबर असेल तर त्या पंगतीत जे बसले होते त्यांना एकदा फोन करून सांगा.