रंगानंतरची कामे : जुन्या अमेरिकन गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रे एकाच टप्प्यावर आलेल्या गाड्यांची आहेत. पत्राकाम झाले, रंग झाला, इंजिन जागेवर बसले. नेमकी इथेच घाई होते, आणि महिनोन्महिने निगुतीने केलेले काम एका दुपारी बिघडते.

प्रश्न : १९५६ ची शेव्हरोले बेल एअर, सहा सिलिंडरचे २३५ घनइंची इंजिन. पिस्टन, कॅमशाफ्ट, टॅपेट सगळे नवे. पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याआधी काय पाहावे? चतुर्थीला गाडी दारात उभी करायचा विचार आहे.
— वाचक, फोंडा

उत्तर : नव्या कॅमशाफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे, आयुष्य पहिल्या वीस मिनिटांत ठरते. या इंजिनात टॅपेटचा सपाट तळ कॅमवर, म्हणजे त्या दांड्यावरच्या उंचवट्यावर, घासतो. त्या जागेला दाबाने तेल येत नाही, क्रँक फिरताना जे उडते तेवढेच मिळते. इंजिन मंद चालले की तेल कमी उडते आणि नवा कॅम खरवडला जातो. म्हणून पहिल्या स्टार्टनंतर आयडलवर, म्हणजे मंद गतीवर, सोडून कार्ब्युरेटर जुळवत बसायचे नाही. सुरू होताच १८०० ते २००० आरपीएमवर न्यायचे आणि वीस मिनिटे तिथेच, थोडे खालीवर करत ठेवायचे.

तेल ट्रकच्या डिझेल इंजिनाचे, १५ डब्ल्यू ४० घ्या. आजच्या पेट्रोल मोटारींच्या पातळ तेलात झिंक-फॉस्फरस कमी असतो, आणि सपाट टॅपेटला त्याचाच आधार. कॅम बसवताना मॉलिब्डेनमची पेस्ट लावली होती का, हेही मेकॅनिकला विचारा.

मग तेल चढवणे. या इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या, शाफ्टच्या टोकावर फिरतो. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर काढून त्या भोकातून लांब, सपाट तोंडाचा दांडा पंपाच्या खाचेत घाला आणि ड्रिलने फिरवा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर ज्या दिशेने फिरतो तीच दिशा ठेवा. प्रेशरचा काटा चढेपर्यंत आणि रॉकर शाफ्टवर तेल दिसेपर्यंत थांबू नका. हे न करता नुसता सेल्फ मारत राहिले, तर कॅमवरची पेस्ट पुसली जाते आणि तेल पोचायच्या आतच नुकसान होते.

डिस्ट्रिब्युटर परत बसवताना एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर वर आलेला हवा. प्लगच्या भोकावर बोट धरा, हवा बाहेर ढकलली जाते तोच स्ट्रोक. एक्झॉस्टच्या शेवटी पिस्टन तितकाच वर असतो, तिथे फसगत होते आणि कार्ब्युरेटरमधून भडका येतो. फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. डिस्ट्रिब्युटरमधल्या नव्या पॉइंटचा गॅप ०.०१९ इंच, प्लगचा ०.०३५ इंच. कार्ब्युरेटरच्या वाटीत आधीच पेट्रोल भरून ठेवा, म्हणजे दोन-चार फेऱ्यांतच इंजिन पकडेल.

रेडिएटरला विहिरीचे पाणी नको. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे. उभ्या गाडीला पुरेसा वारा लागत नाही, तेव्हा समोर मोठा पंखा लावा. दुसऱ्या माणसाने फक्त तेलाचा आणि पाण्याचा काटा पाहायचा. दहा सेकंदांत तेलाचा दाब दिसला नाही तर चावी बंद. पाणी उकळायला लागले तर थांबा, इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि उरलेली मिनिटे नंतर भरा. वीस मिनिटांनी ते तेल काढून टाका, पुन्हा ५०० किलोमीटरवर बदला. हे सगळे चतुर्थीच्या किमान पंधरा दिवस आधी उरका. गळती पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच कळते आणि ती काढायला वेळ लागतो.

प्रश्न : पुढची काच बसवताना कोपऱ्यात तडकली. दुसरी मिळवली आहे. रबरभोवती सिलिकॉन भरावे का? पावसात पाणी आत येईल ही धास्ती आहे.
— वाचक, म्हापसा

उत्तर : काच जोरामुळे तडकते असे वाटते, पण बहुतेक वेळा दोष चौकटीच्या कडेचा असतो. वेल्डिंगचा उंचवटा, पुट्टीचा ढेकूळ किंवा रंगाचे जाड थर काचेला एकाच बिंदूवर दाबतात. नवी काच नुसती जागेवर धरून सगळीकडे सारखी फट आहे का ते पाहा. उंचवटा दिसेल तिथे कानस मारा आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला लगेच प्रायमर द्या.

आता रबर काचेला चढवा. रबराच्या बाहेरच्या खाचेत, जी पत्र्यावर बसते तिच्यात, चार-पाच मिलिमीटरची नायलॉनची दोरी भोवताली भरा. दोन्ही टोके खाली मध्यभागी एकमेकांवरून जाऊ द्या. साबणाचे पाणी लावा. बाहेरचा माणूस तळहाताने दाबत राहील, आतल्याने दोरी काचेला समांतर, सावकाश ओढायची. दोरी निघते तशी रबराची पाकळी पत्र्यावरून आत उलटते. अडली तिथे थांबून पुन्हा साबण लावा. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका.

ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो ते मुळीच नको. ते सुकताना आम्ल सोडते आणि रबराखालचा पत्रा गंजवते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तर एका पावसाळ्यात रंगाला फोड दिसतील. कधीही कडक न होणारा ब्युटिल सीलंट पातळ भरा. दारांच्या तळाची आणि दाराखालच्या उंबऱ्याच्या पोकळीची पाणी जायची भोके रंगाने बुजली असतील तर तारेने मोकळी करा. आतून पोकळीत फवारायचे मेण मारा आणि मग भोके पुन्हा तपासा. पाणी कधी ना कधी आत शिरतेच. ते बाहेर पडायला वाट हवी.

प्रश्न : १९५२ ची डॉज किंग्जवे, ६ व्होल्ट. रंगानंतर सेल्फ मरगळला, गरम इंजिनावर तर फिरतच नाही. गॅरेजवाले १२ व्होल्ट करा म्हणतात.
— वाचक, पेडणे

उत्तर : नको. रंगाआधी चालत होते आणि आता चालत नाही, म्हणजे आधी अर्थिंग तपासा. नवा रंग वीज अडवतो. ६ व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, त्यामुळे अर्थिंग जरा जरी कच्चे असले तरी सेल्फ मरगळतो.

सेल्फ मारताना मीटरची एक टोचणी बॅटरीच्या अर्थकडील खांबावर, दुसरी इंजिन ब्लॉकवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर दोष तिथेच. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वायसर घाला, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. केबल १२ व्होल्टच्या मोटारीची तयार मिळते ती बारीक पडते. ७० चौरस मिलिमीटरची करून घ्या.

या गाडीत पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो. कॉइलचा पॉझिटिव्ह डिस्ट्रिब्युटरकडे आणि निगेटिव्ह चावीकडे हवा. उलटे जोडले तरी गाडी चालते, पण ठिणगी अशक्त पडते.

प्रश्न : आधीच्या मालकाने शेव्हरोले इंपालामध्ये डिझेल इंजिन टाकले आहे. व्हिंटेज नोंदणी मिळेल?
— वाचक, मडगाव

उत्तर : तशीच ठेवून कठीण. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली आलेल्या तरतुदीनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी, बिगरव्यावसायिक आणि मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल चालत नाही. योग्य पेट्रोल इंजिन आधी शोधा, क्रोमवर पैसे नंतर घाला. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती यांपुरतीच.

प्रश्न : किंग्जवेच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट पाइप लावून ओढताना तुटले.
— वाचक, डिचोली

उत्तर : डॉज ज्या क्रायस्लर गटातली, त्या गटाच्या त्या काळच्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने सुटतात. उरलेला तुकडा काढायला मध्यभागी पंच मारा, गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्या आणि साध्या ड्रिलने भोक पाडायला लागा. ड्रिल ज्या दिशेने फिरते, तीच या आट्यांची सुटायची दिशा असल्याने तुकडा अनेकदा ड्रिलबरोबरच फिरून बाहेर येतो. तुटका बोल्ट काढायचा नेहमीचा एक्स्ट्रॅक्टर मात्र इथे वापरू नका, तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो आणि तुकडा आणखी घट्ट करील.