शिडाच्या जहाजावर मुलं न्यायची आहेत? सुरुवातीला एवढंच सांभाळा

गोव्यात शाळेच्या मुलांना शिडाच्या जहाजावरून समुद्रात न्यायचं काम तुम्ही घेतलंत, याचा मनापासून आनंद झाला. नौदलाची 'तरंगिणी' आणि 'सुदर्शिनी' ही शिडाची प्रशिक्षण जहाजं वास्कोच्या गोवा शिपयार्डातच बांधलेली. त्यामुळे विचारायला जाणती माणसं जवळच सापडतील. परवाने, विमा सध्या त्यांच्यावर सोपवा, त्यावर नंतर बोलू.

- वेळापत्रक शाळेच्या सुट्टीवर नाही, मांडवी नदीच्या मुखाशी पाणी-वारा कसा आहे त्यावर ठरवा. आग्वादजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर ओहोटीचं पाणी आणि समोरचा वारा भिडले की लाट उभी राहून फुटते. सकाळच्या मतलई वाऱ्यात, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात, भरती बघून बाहेर पडा. दुपारी वायव्येचा वारा चढतो आणि नवख्या मुलांच्या उलट्या सुरू होतात. पावसाळ्यात मुलांना न्यायचंच नाही.
- डोलकाठीवर चढण्याचा पहिला सराव धक्क्याला बांधलेल्या जहाजावर. प्रत्येकाचा हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षेचा पट्टा) स्वतः ओढून बघा.
- हजेरी नावं पुकारून. नुसती डोकी मोजू नका.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे: मुख्याध्यापकांना तारीख कबूल केली म्हणून नांगर उचलतात. कप्तान नाही म्हणाला की नाही! राखीव दिवस आधीच ठेवा. निघता आलं नाही तर धक्क्यावरच दोरांच्या गाठी शिकवा, मुलं छान रमतात.