चिमणीची टोपी कशी निवडावी, कशी सांभाळावी? वाचकांचे प्रश्न

ओट्यावरची चिमणी, शेतावरच्या चुलीचं धुराडं आणि गॅस गीझरची नळी, या तिन्हींबद्दलचे नागपूर आणि आसपासच्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कारण तिन्हींत घोळ एकाच जागी होतो : बाहेरच्या टोकावरच्या टोपीत. दुकानात तिला काउल म्हणतात, कुणी डक्ट कव्हर म्हणतं. टोपी घेताना आकार आणि चकाकी नंतर बघा, आधी खालून काय येणार आहे ते बघा. चिमणीचा पंखा तेलकट धूर जोरात ढकलतो, त्या जोराने टोपीतली झडप उघडते. चुलीचा धूर आणि गीझरची गरम हवा मात्र आपल्या हलकेपणानेच वर चढतात. झडप उघडण्याइतका जोर त्यांच्यात नसतो.

जिवाशी गाठ असलेला प्रश्न आधी घेतो.

प्रश्न : बाथरूममध्ये गॅस गीझर आहे. भिंतीला दुसरं भोक नको म्हणून मिस्त्रीने त्याची नळी स्वयंपाकघरातल्या चिमणीच्या पाइपला जोडून दिली. बाहेर टोपी एकच आहे. अंघोळीनंतर डोकं जड होतं. मोठी टोपी लावली तर फरक पडेल का? (नंदनवन)

नाही. आजपासून हा गीझर बंद ठेवा. डोकं जड होणं हे कार्बन मोनॉक्साइडचं लक्षण असू शकतं. या वायूला रंग नाही, वास नाही, त्यामुळे तो नाकाला कळत नाही. घरात आणखी कुणाला गरगरणं, मळमळणं असा त्रास होत असेल तर डॉक्टरांना गॅस गीझरचा उल्लेख करून सांगा.

दोन्ही पाइप एकत्र जोडले की काय होतं ते बघा. ओट्यावरची चिमणी सुरू झाली की पाइपात दाब वाढतो आणि धूर गीझरच्या नळीतून उलटा बाथरूममध्ये येतो. चिमणी बंद असेल तर टोपीची झडप मिटलेली असते, म्हणजे गीझरच्या हवेला वाटच राहत नाही. त्यात बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावला की तो हीच हवा नळीतून खाली ओढतो.

गीझरला स्वतंत्र धातूची नळी हवी. कंपनीने सांगितलेल्या व्यासाचीच, कुठेही बारीक न केलेली. तिच्या टोकाला बाजूंनी उघडी, साधी टोपी लावायची. झडप नको, बारीक जाळी तर मुळीच नको. त्याहून चांगलं म्हणजे गीझरच बाथरूमबाहेर, उघड्या गॅलरीत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. हे काम गीझर कंपनीच्या माणसाकडून करून घ्या.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. चिमणी १२०० सक्शनची आहे, पण आवाज जास्त आणि ओढ कमी. बिल्डरने भिंतीत ४ इंची पाइप ठेवला होता, त्यालाच जोडणी केली. कबुतरं शिरतात म्हणून टोपीवर मच्छरजाळी बांधली आहे. आता कोणती टोपी घेऊ? (मानेवाडा)

तुमच्याकडे दोन अडथळे आहेत आणि टोपी त्यांतला धाकटा आहे. मोठा अडथळा भिंतीतल्या पाइपाचा. अशा चिमणीला ६ इंची पाइप लागतो. त्याचं तोंड साधारण २८ चौरस इंचांचं असतं, ४ इंचीचं साडेबारा. म्हणजे चिमणीला हवी त्याच्या निम्मीही वाट मिळत नाही. हवा चिंचोळ्या तोंडातून घुसते म्हणून आवाज येतो, आणि मागे धूर तुंबतो म्हणून ओढ कमी लागते. खोक्यावरचा तासाला १२०० घनमीटर हवा ओढण्याचा आकडा अशा जोडणीत कधीच मिळणार नाही.

भिंत विटांची असेल तर कोअर कटिंगवाल्याकडून साडेसहा इंची भोक पाडून घ्या. कॉलम आणि बीम यांना हात लावू नका, सोसायटीला आधी सांगा. चिमणीपासून बाहेरपर्यंत पाइप १० ते १२ फुटांच्या आत ठेवा, वळणं फार तर दोन. अ‍ॅल्युमिनियमचा घडीचा पाइप ताणूनच बसवायचा. ढिला राहिला तर त्याच्या प्रत्येक घडीत तेल साचतं.

आता जाळी. मच्छरजाळी आजच काढा. तिची छिद्रं फोडणीच्या तेलाने काही आठवड्यांत बुजतात, वर धूळ बसते आणि वाळलेल्या पापडासारखा थर तयार होतो. कबुतरांसाठी १२ मि.मी. चौकोनांची वेल्ड केलेली स्टीलची जाळी पुरते. तिच्यातून धूर अडत नाही आणि कबूतरही आत येत नाही. जाळी लावण्याआधी पाइपात घरटं नाही ना, ते टॉर्च मारून बघून घ्या. अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा.

टोपी ६ इंची गळ्याची, वर पुढे आलेलं छज्जं असलेली, आत हलकी झडप असलेली घ्या. दुकानातच झडपेवर फुंकर मारून बघा. फुंकरीने हलली पाहिजे आणि सोडल्यावर आपोआप मिटली पाहिजे. पश्चिमेच्या भिंतीवर प्लॅस्टिकची टोपी लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्या उन्हात प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं आणि पहिल्याच वादळात झडप गळून पडते.

बसवून झाल्यावर एक गोष्ट नक्की तपासा. चिमणीच्या डोक्यावर, पाइप जिथे बसतो तिथे, दोन अर्धगोल पाकळ्या असतात. नव्या चिमणीत त्या चिकटपट्टीने बांधलेल्या असू शकतात आणि ती पट्टी काढायची राहून जाते. मग बाहेर कितीही चांगली टोपी लावा, धूर घरातच राहतो.

प्रश्न : पाऊस आला की चिमणीतून गॅसवर पिवळट पाणी टपकतं. टोपी नवी आहे. (सक्करदरा)

पिवळं पाणी म्हणजे पाइपातलं तेल धुऊन येतंय. टोपीपेक्षा पाइपाच्या उताराचा संशय जास्त. भिंतीतला तुकडा बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरता हवा. ९ इंची भिंतीत पाव इंच उतार पुरतो. तो आत उतरता असेल तर टोपीत शिरलेला प्रत्येक थेंब घरात येणार.

उतार बरोबर असेल तर टोपीची कड बघा. कड आणि भिंत यांच्यामधल्या फटीवर वरच्या आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरा, खालची बाजू मोकळी सोडा, म्हणजे आत गेलेलं पाणी तिथून निघून जाईल. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं मागा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते जस्ताचा पत्रा आणि अ‍ॅल्युमिनियम खातं. पावसाळ्यात आपल्याकडचा वारा बहुधा पश्चिम-नैऋत्येचा असतो, म्हणून त्या बाजूच्या भिंतीवर छज्जं खोल असलेली टोपी हवी.

हेच थेंब डिसेंबर-जानेवारीत पडत असतील तर ती वाफ आहे. रस्सा उकळताना वर गेलेली वाफ थंड पाइपाला लागून पाणी होते. स्वयंपाक झाल्यावर चिमणी १० मिनिटं चालू ठेवली की पाइप कोरडा होतो.

प्रश्न : कूलर लावला की चिमणीची टोपी टकटक वाजते, आणि हॉलमध्ये फोडणीचा वास येतो. (प्रतापनगर)

टकटक होणं चुकीचं नाही. कूलर घरात हवा भरतो, ती बाहेर जायला वाट शोधते आणि टोपीची झडप हलवते. दुसरी एखादी खिडकी चार बोटं उघडी ठेवली की आवाज थांबेल. झडपेच्या कडेला फोमची पातळ पट्टी लावू नका, ती तेल पिऊन झडप चिकटवते.

वासाचं कारण वेगळं आहे. टोपी कूलरच्या जवळ असणार. बाहेर टाकलेला धूर कूलर खसमधून ओढतो आणि परत घरात फेकतो. टोपी दुसऱ्या भिंतीवर नेता आली तर उत्तम, नाहीतर कूलरपासून निदान ६ फूट दूर आणि त्याच्यापेक्षा वर. ज्या खसला तेलकट वास लागला आहे ती बदला, धुऊन तो जात नाही.

प्रश्न : बागेतल्या घरात चूल आहे. ६ इंची धुराड्यावर ताटासारखी टोपी लावली, तेव्हापासून धूर घरात येतो. टोपी काढली तर पाऊस येतो. (काटोल)

ताट आणि पाइप यांच्यातलं अंतर मोजा. पाइपाच्या तोंडाइतकी वाट बाजूंनी मिळायला व्यासाच्या पाव भाग उंची लागते, म्हणजे ६ इंचीला दीड इंच. पण हे फक्त हिशेबाचं किमान झालं. काजळी आणि जाळी धरून ४ ते ६ इंच ठेवा. ताट १२ इंच व्यासाचं घ्या, म्हणजे तिरपा पाऊसही बाहेरच पडेल. खाली २५ मि.मी. रुंद, ३ मि.मी. जाड पट्टीचे तीन पाय, आणि पाय पाइपाला बोल्टने जोडा. वेल्डिंग करू नका, साफ करायला टोपी निघाली पाहिजे.

उंचीही बघा. धुराड्याचं तोंड छतापासून निदान ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आत पाण्याची टाकी, कठडा किंवा कौलाचा उंच भाग असेल तर त्याच्याहून २ फूट वर. नाहीतर वारा त्या आडोशावरून खाली उतरतो आणि धूर परत चुलीत ढकलतो. अशा वेळी टोपी कितीही बदलली तरी उपयोग होत नाही.

पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) जाळत असाल तर ठिणग्या उडतात. जवळ कडब्याची गंजी असेल तर टोपीभोवती १२ मि.मी.ची स्टीलची जाळी हवीच, आणि गंजी लांब हवी. ती जाळी दर पंधरवड्याला ब्रशने झटका. लाकूड ओलं असेल तर पाइपात चकचकीत, डांबरासारखा थर बसतो आणि तो पेट घेतो. थर ३ मि.मी. झाला की धुराडं साफ करायचंच. पावसाळ्यानंतर चूल पहिल्यांदा पेटवण्याआधी टोपी काढून गांधीलमाशांचं पोळं नाही ना, ते बघा.

धुराड्यावर फिरती गोल टोपी लावू नका. काजळीने तिचं बेअरिंग अडकतं.

प्रश्न : जुन्या घराच्या पाइपावर सिमेंटची टोपी आहे, तडा गेलाय. कापून नवी बसवू? (महाल)

ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. ग्राइंडरने कापू नका, भोक पाडू नका, तिची धूळ फुप्फुसात जाते. पाणी मारून ओली ठेवा, न फोडता अख्खी उतरवून घ्या, प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा. काम करणाऱ्याच्या तोंडावर रुमाल नको, पी-३ किंवा एन-१०० दर्जाचा मास्क हवा.

प्रश्न : इतवारीत लोहाओळीत स्टीलची टोपी घेताना ३०४ कशी ओळखायची? आणि साफसफाई किती दिवसांनी? घरी सावजी रस्सा वरचेवर होतो. (हुडकेश्वर)

३०४ हा स्टीलचा चांगला, सहसा न गंजणारा दर्जा, २०२ हा त्याहून हलका. चुंबकाने फसाल. २०२ स्टीललाही चुंबक चिकटत नाही. दुकानदाराकडे तपासणीचं द्रव असतं. त्याचा थेंब टाकून छोटी बॅटरी लावली की २०२ वर लालसर रंग येतो. पत्रा ०.५ ते ०.६ मि.मी. जाडीचा पुरे, पण स्क्रू आणि झडपेची काडीही स्टीलचीच मागा. गंज तिथूनच सुरू होतो.

साध्या स्वयंपाकाला तीन महिन्यांनी, तुमच्या फोडण्यांना महिन्याने. शिवाय जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि दिवाळीचं तळण झाल्यावर. चिमणीचा प्लग काढा. टोपी ५ लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि २ चमचे भांड्यांचं लिक्विड घालून अर्धा तास बुडवा, मग नायलॉनच्या ब्रशने घासा. हातमोजे घाला. अ‍ॅल्युमिनियमला सोडा चालत नाही, ते काळं पडतं, त्याला नुसतं लिक्विड. झडपेच्या काडीला तेल सोडू नका, त्यावर धूळ चिकटते.

टोपी परत लावल्यावर चिमणी बंद ठेवून आतल्या जाळीजवळ उदबत्ती धरा. धूर खाली तुमच्याकडे वळला तर झडप नीट मिटलेली नाही. वरच्या मजल्यावर खिडकीतून वाकून टोपी काढायला जाऊ नका. पाइप आतून सोडवून लांब दांड्याच्या ब्रशने जमेल तेवढं करा, बाकी काम दोर आणि पट्टा घेऊन येणाऱ्या माणसाला द्या.