जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेत मुलीने पाय पूर्ण झाकणारा पोशाख घातला तर चालतो का?

हो, चालतो, आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाच्या नियमांत घोट्यापर्यंतचा सलग, घट्ट पोशाख मुलींना मान्य आहे. तेव्हा ताई, घरची मोठी माणसं नको म्हणतात एवढ्यासाठी लेकीचा सराव थांबवू नका. मी बेळगावात मुलींना हा खेळ शिकवते, पालक नेमकं हेच विचारतात. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिला पहिल्यांदा जिम्नॅस्टिक्सला उतरल्या, त्या सैल कपड्यांत. पुढे कोलांट्या अवघड झाल्या, ताणणारं कापड आलं, तसा पोशाख अंगासरशी आणि मांडीवर आखूड होत गेला. २०२१ मध्ये जर्मनीच्या मुली आधी बासेलच्या युरोपीय स्पर्धेत आणि मग टोकियो ऑलिंपिकमध्ये पूर्ण पाय झाकून खेळल्या. फार मोलाचं काम केलं त्यांनी.

इथे बेळगावच्या शहापूर भागात शिवून घेणार असाल तर:
- कापड उभं-आडवं दोन्हीकडे ताणणारं हवं. सैल घोळ बारला अडकतो, आधार देणाऱ्या प्रशिक्षकाचा हातही निसटतो.
- नाडी, बटण, खिसा नको.
- मांडीच्या आतली शिवण सपाट मारायला सांगा, नाहीतर काचते. घालून दुकानातच पाय पूर्ण फाकवून बघू दे.

फक्त शालेय स्पर्धेत आयोजकांचं पत्रक आधी बघा. ते बहुतेक कानडीत येतं, शाळेतल्या सरांकडून नीट वाचून घ्या. सांघिक प्रकारात सगळ्या मुलींचा पोशाख सारखा लागतो, म्हणून संघातल्या बाकीच्या पालकांशीही आधीच बोला.