‘लोकांनी तुम्हाला नाकारले’ असे हरलेला उमेदवार म्हणतो तेव्हा

४ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेत मध्यावधी निवडणुकीचे मतदान झाले आणि सिनेट, म्हणजे संसदेचे वरिष्ठ सभागृह, रिपब्लिकन पक्षाकडे गेली. बाराव्या दिवशी, रविवारी, मिट रॉमनी सीबीएस वाहिनीवर बोलायला बसले. २०१२ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षातर्फे उभे राहून ते डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांकडून हरले होते. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा: ही फेरी आपण हरलो हे राष्ट्राध्यक्षांनी ओळखावे, आणि स्थलांतरितांबाबत स्वतःच्या अधिकारात आदेश काढून नव्या संसदेच्या डोळ्यात बोट घालू नये. चारच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, ओबामांनी तो आदेश जाहीर केला. या प्रसंगाभोवती वाचकांचे बरेच प्रश्न आले आहेत. निवडक प्रश्नांची उत्तरे देत आहोत.

प्रश्न: मध्यावधी निवडणूक म्हणजे सरकार पडल्यावर किंवा सभागृह मुदतीआधी बरखास्त झाल्यावर होणारी निवडणूक ना? मग अमेरिकेत ती दर चार वर्षांनी ठरल्यासारखी कशी येते?

शब्द एकच आहे, पण गोष्टी दोन आहेत, आणि गोंधळाचे मूळ इथेच आहे. आपल्याकडे १९७१ साली इंदिरा गांधींनी लोकसभा वर्षभर आधी बरखास्त करून निवडणूक घेतली, ती मध्यावधी. १९८०, १९९८ आणि १९९९ च्याही तशाच. अमेरिकेत बरखास्ती हा प्रकारच नाही. राष्ट्राध्यक्षांची मुदत चार वर्षांची असते आणि तिच्या मध्यावर येणारी ही ठरलेली निवडणूक असते. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार हा तिचा दिवस. २०२६ साली तो ३ नोव्हेंबरला येतो.

त्या दिवशी प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, सगळ्या ४३५ जागा मतदानाला असतात, कारण त्यांची मुदत दोनच वर्षांची असते. सिनेटच्या १०० पैकी साधारण एक तृतीयांश जागा असतात, कारण सिनेटरची मुदत सहा वर्षांची. शिवाय ३६ राज्यांचे गव्हर्नर निवडले जातात. राष्ट्राध्यक्षांची खुर्ची मात्र पणाला लागलेली नसते. त्यांचा पक्ष दोन्ही सभागृहांत हरला तरी ते राहतातच. ‘हरलात, आता ऐका’ असे त्यांना सांगता येते, ‘हरलात, आता जा’ असे सांगता येत नाही.

प्रश्न: रॉमनी कोणत्या अधिकाराने बोलत होते? हरलेला उमेदवार तिथे विरोधी पक्षनेता होतो का?

नाही. भारतात विरोधी पक्षनेतेपदाला १९७७ च्या कायद्याचा आधार आहे. त्याच २०१४ साली ४४ जागांवर आलेल्या काँग्रेसला लोकसभेत ते पद मिळाले नाही यावरून केवढा वाद झाला होता. अमेरिकेत असे पदच नाही. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून सामान्य नागरिक असतो, त्याच्याकडे आधीपासून दुसरे पद असेल तर गोष्ट वेगळी. जॉन केरी २००४ साली हरले आणि जॉन मॅकेन २००८ साली, पण दोघेही सिनेटर होते, त्यामुळे परत सिनेटमध्ये जाऊन बसले. तिथे त्यांना मत होते, समितीत जागा होती, मंत्र्यांना जाब विचारता येत होता. रॉमनींची मॅसॅच्युसेट्सची गव्हर्नरकी जानेवारी २००७ मध्येच संपली होती. २०१४ च्या नोव्हेंबरात त्यांच्याकडे एकही मत नव्हते. ते युटाचे सिनेटर झाले थेट जानेवारी २०१९ मध्ये.

तरी वाहिन्या त्यांना बोलावत होत्या. एक तर नाव घराघरात माहीत. दुसरे, त्या निवडणुकीत ते पक्षाच्या उमेदवारांसाठी राज्याराज्यांत सभा घेत फिरले होते. तिसरे, २०१६ साली ते पुन्हा उभे राहणार का, ही चर्चा तेव्हा जोरात होती. ३० जानेवारी २०१५ रोजी त्यांनी ‘नाही’ म्हणून सांगितले, पण मुलाखतीच्या दिवशी तो पर्याय उघडा होता. असे विधान वाचताना बोलणाऱ्याला पुन्हा उभे राहायचे आहे का, हे आधी पाहावे. त्याने विधान खोटे ठरत नाही, पण ते कोणाला ऐकवण्यासाठी केले आहे ते कळते.

प्रश्न: ‘लोकांनी स्पष्ट कौल दिला’ हा रॉमनींचा दावा आकड्यांवर टिकतो का?

अर्धा टिकतो. कुठे टिकतो आणि कुठे नाही, हे नीट पाहण्यासारखे आहे.

सिनेटमध्ये रिपब्लिकन ४५ वरून ५४ वर गेले, म्हणजे नऊ जागांची भर. प्रतिनिधीगृहात ते २४७ वर पोहोचले. विजय मोठा होता, यात शंका नाही. आता त्या नऊ जागा कोणत्या ते पाहू: अलास्का, आर्कान्सा, लुइझियाना, माँटाना, नॉर्थ कॅरोलायना, साउथ डकोटा, वेस्ट व्हर्जिनिया, कोलोरॅडो आणि आयोवा. यांतली पहिली सात राज्ये २०१२ साली खुद्द रॉमनींनीच जिंकली होती. या जागांवर शेवटचे मतदान झाले होते २००८ साली, ओबामांच्या लाटेत, आणि लाटेवर आलेल्या जागा ओहोटीत गेल्या. म्हणजे त्या सात राज्यांनी मत बदलले असे म्हणण्यापेक्षा ती आपल्या मूळ वळणावर गेली, असे म्हणणे जास्त खरे. मत फिरले असे म्हणायचे तर पुरावा कोलोरॅडो आणि आयोवा या दोनच राज्यांचा. (लुइझियानाचा निकाल तर मुलाखतीच्या दिवशी लागलाही नव्हता. तिथे कोणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत, म्हणून ६ डिसेंबरला दुसरी फेरी झाली.)

दुसरी गोष्ट मतदानाच्या टक्क्याची. २०१४ साली पात्र मतदारांपैकी जेमतेम ३६-३७ टक्के लोकांनी मतदान केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळानंतर इतका कमी टक्का कधी नव्हता. ओबामांनी निकालानंतरच्या पत्रकार परिषदेत नेमके यावरच बोट ठेवले: मत दिलेल्यांचे ऐकले, आणि जे दोन तृतीयांश लोक मतदानाला आलेच नाहीत त्यांचेही ऐकले. हे उत्तर चतुर होते, पण आमच्या मते योग्य नव्हते. घरी बसलेल्याचे मत कोणाच्याच बाजूने मोजता येत नाही.

रॉमनींच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तर ओबामांनीच दिला होता. २ ऑक्टोबर २०१४ रोजी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या भाषणात ते म्हणाले होते की मतपत्रिकेवर मी नाही, पण माझी धोरणे आहेत, त्यातले प्रत्येक धोरण आहे. त्याच्याही महिनाभर आधी स्थलांतरितांबाबतचा आदेश मतदान होईपर्यंत लांबवायचा निर्णय त्यांनी घेतला होता, कारण अवघड राज्यांतल्या स्वपक्षाच्या सिनेटरांना त्याचा फटका बसला असता. म्हणजे धोरणे मतदानाला आहेत असे म्हणायचे आणि त्यातले सगळ्यात वादाचे धोरण मतदान उरकल्यावर बाहेर काढायचे. त्या वागण्यावर टीका व्हायलाच हवी होती, मग ती हरलेल्याने केली तरी.

प्रश्न: दोन्ही सभागृहे जिंकूनही रिपब्लिकनांना तो आदेश का रोखता आला नाही?

आधी आदेश काय होता ते पाहू. ज्यांची मुले अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी आहेत आणि जे स्वतः १ जानेवारी २०१० पूर्वीपासून तिथे आहेत, अशा कागदपत्रे नसलेल्या आईबापांची हकालपट्टी तीन वर्षे थांबवायची आणि त्यांना कामाचा परवाना द्यायचा. सुमारे ४० लाख लोकांना त्याचा लाभ झाला असता.

संसदेपुढे वाटा तीन होत्या. पहिली, आदेशाविरुद्ध कायदा करणे. पण राष्ट्राध्यक्ष त्यावर नकाराधिकार वापरणार, आणि तो उलटवायला दोन तृतीयांश मते लागतात: सगळे हजर असतील तर प्रतिनिधीगृहात २९० आणि सिनेटमध्ये ६७. हाताशी होते २४७ आणि ५४. मुळात सिनेटमध्ये चर्चा आवरून विधेयक मताला आणायलाच ६० जण लागतात. म्हणजे ५४ म्हणजे बहुमत खरे, पण दार उघडायला सहा कमी.

दुसरी वाट पैसा अडवण्याची, आणि घसरगुंडी झाली ती इथे. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारच्या बाकी सगळ्या खात्यांना सप्टेंबर २०१५ पर्यंतचा निधी दिला. स्थलांतरितांचे काम पाहणाऱ्या गृहसुरक्षा खात्याला मात्र फक्त २७ फेब्रुवारीपर्यंतचा. डाव असा की तेव्हा नवी सिनेट बसलेली असेल, मग आदेश मागे घेण्याची अट घालू. प्रतिनिधीगृहाने अटींसह विधेयक मंजूर केले, पण सिनेटमध्ये ३ फेब्रुवारीला ५१ विरुद्ध ४८ असे मतदान झाले आणि ६० चा अडसर काही निघाला नाही. पुढचे प्रयत्नही तसेच अडले. शेवटी एक आठवड्याची मुदतवाढ देऊन ३ मार्चला विनाअट निधी मंजूर करावा लागला. शिवाय या डावात एक मूळचीच खोट होती. असे अर्ज तपासणारा विभाग मुख्यतः अर्जदारांच्या शुल्कावर चालतो. खात्याचा निधी बंद पडला असता तर सीमेवरचे आणि विमानतळावरचे कर्मचारी बिनपगारी राबले असते, पण ज्या कामाला विरोध होता ते काम चालूच राहिले असते.

तिसरी वाट न्यायालयाची, आणि आदेश थांबला तो तिथेच. टेक्सासच्या पुढाकाराने २६ राज्ये दाव्यात उतरली. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी संघराज्य न्यायाधीश अँड्र्यू हेनन यांनी स्थगिती दिली. २३ जून २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयात चार-चार अशी बरोबरी झाली आणि स्थगिती कायम राहिली. न्यायमूर्ती स्कॅलिया फेब्रुवारीत वारले होते, म्हणून बाकावर आठच जण होते. त्यांच्या जागी ओबामांनी मेरिक गार्लंड यांना सुचवले, पण सिनेटने त्यांची सुनावणीच घेतली नाही. २०१४ च्या विजयाचे खरे वजन इथे दिसले. नेमणूक अडवायला साधे बहुमत पुरते. काही न करणे हेच तिथे हत्यार असते.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. एच-४ व्हिसावरच्या जोडीदाराला कामाचा परवाना मिळाला तो याच आदेशातून का? मग तो का टिकला?

एच-४ हा एच-१बी या कामाच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांचा व्हिसा. त्याची तरतूदही नोव्हेंबर २०१४ च्या त्याच घोषणांच्या संचात होती, पण तिची वाट वेगळी होती. तिचा मसुदा मे २०१४ मध्येच प्रसिद्ध झाला होता, त्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, मग २५ फेब्रुवारी २०१५ रोजी अंतिम नियम छापला गेला आणि २६ मे २०१५ पासून लागू झाला. एच-१बी धारकाचा आय-१४० (कायम वास्तव्यासाठी बहुधा मालकाने भरायचा अर्ज) मंजूर असेल, किंवा सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ विशिष्ट तरतुदीखाली मिळालेली असेल, तर जोडीदार आय-७६५ अर्ज भरून परवाना मागू शकतो. आईबापांबाबतचा आदेश मात्र साध्या ज्ञापनाने, म्हणजे खात्याच्या लेखी सूचनेने, काढला होता. हरकती मागवल्या नाहीत, हे त्याच्याविरुद्ध गेलेल्या मुद्द्यांपैकी एक ठरले. एच-४ च्या नियमालाही न्यायालयात आव्हान दिले गेले, पण वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो वैध ठरवला. पुढचा राष्ट्राध्यक्ष असा नियम मागे घेऊ शकतो, पण त्यालाही मसुदा, हरकती, अंतिम नियम ही सगळी पायरीपायरीची वाट चालावी लागते. म्हणून अफवा आली की आधी मसुदा छापला गेला आहे का, ते पाहा.

प्रश्न: अशा टीकेने खरोखर इतिहास बदलल्याचे एखादे जुने उदाहरण आहे का?

आहे, आणि ते रॉमनींच्या उदाहरणापेक्षा फार मोठे आहे. १९१८ साल. पहिले महायुद्ध संपत आले होते. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी २५ ऑक्टोबरला जाहीर आवाहन केले: माझे नेतृत्व मान्य असेल तर दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटिक बहुमत द्या, नाहीतर परदेशात त्याचा अर्थ माझे नेतृत्व नाकारले असा घेतला जाईल. असे आवाहन करायची काही गरज नव्हती. ५ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांनी जिंकली, सिनेट ४९ विरुद्ध ४७ अशी अगदी थोडक्यात.

१९१२ साली विल्सन यांच्याकडून हरलेले थिओडोर रूझवेल्ट, जे स्वतः माजी राष्ट्राध्यक्षही होते, हेच वाक्य उचलून उभे राहिले. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी निवेदन काढले: मित्रराष्ट्रांनी, शत्रूंनी आणि स्वतः विल्सन यांनी समजून घ्यावे की अमेरिकी जनतेच्या वतीने बोलण्याचा कोणताही अधिकार आता त्यांना उरलेला नाही. विल्सन ४ डिसेंबरला बोटीने युरोपात शांतता परिषदेला निघाले, ते हे वाक्य पाठीवर घेऊनच. रूझवेल्ट ६ जानेवारी १९१९ ला वारले. पण सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्षपद त्यांचे जिवलग मित्र हेन्री कॅबट लॉज यांच्याकडे आले. शांतता परिषदेत ठरलेला व्हर्सायचा तह सिनेटमध्ये आधी नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि मग १९ मार्च १९२० ला पडला. दुसऱ्या खेपेला ४९ विरुद्ध ३५, म्हणजे दोन तृतीयांशाला सात मते कमी. त्या तहातूनच उभ्या राहिलेल्या राष्ट्रसंघात अमेरिका कधी गेलीच नाही. विल्सन यांचा हट्टही याला तितकाच कारण होता, पण जनतेचा कौल हा मुद्दा विरोधकांच्या हाती त्यांनी स्वतःच दिला होता.

प्रश्न: मग राष्ट्राध्यक्षांनी अशा टीकेला उत्तरच देऊ नये का?

नाव घेऊन तर नकोच. १९६० साली हरलेले निक्सन १९६६ च्या शरदात लिंडन जॉन्सन यांच्या व्हिएतनाम धोरणावर तुटून पडले होते. मतदानाला चार दिवस उरले असताना जॉन्सन पत्रकार परिषदेत भडकले आणि त्यांनी निक्सन यांना सदानकदा प्रचारात असणारा माणूस म्हणून हिणवले. त्या दिवसापर्यंत निक्सन हे दोनदा हरलेले माजी उपाध्यक्ष होते; राष्ट्राध्यक्षांनी तोंडाला तोंड दिले आणि ते त्यांच्या बरोबरीचे प्रतिस्पर्धी झाले. ८ नोव्हेंबरला प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांच्या ४७ जागा वाढल्या, आणि दोन वर्षांनी निक्सन राष्ट्राध्यक्ष झाले. बुश यांनी २००६ साली उलटे केले. पक्षाने सडकून मार खाल्ला हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी कबूल केले आणि त्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या जाण्याची घोषणा करून टाकली.

प्रश्न: राष्ट्राध्यक्षांचा पक्ष या निवडणुकीत नेहमीच हरतो का?

जवळपास नेहमी. प्रतिनिधीगृहात १९३४, १९९८ आणि २००२ हे ठळक अपवाद. पण किती हरला याला महत्त्व आहे: २०१० साली ओबामांच्या पक्षाच्या ६३ जागा गेल्या, २०२२ साली बायडेन यांच्या पक्षाच्या जेमतेम नऊ, आणि सिनेटमध्ये उलट एक वाढली. त्यामुळे नुसते ‘जागा कमी झाल्या’ हे वाक्य टीका म्हणून पुरत नाही. कमी झालेल्या जागा कोणत्या राज्यांतल्या, आणि त्या जागी आधी मतदान कोणत्या साली झाले होते, हे दोन रकाने भरल्याशिवाय कौलाबद्दल काही बोलू नये.