जुना कोर्स पुसू का ठेवू? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कॉलेजच्या ऑनलाइन कामाबद्दल प्रश्न मागवले होते. मला वाटलेलं फार तर पाच-सहा पत्रं येतील, तर आली चांगली ढीगभर, आणि त्यातली निम्मी एकाच गोष्टीवर, की नवी बॅच आली आता मागच्या वर्षीच्या कोर्स पेजचं करायचं काय. मी काही कॉम्प्युटरवाला नाही बरं का, भूगोल शिकवतो, सांगलीतल्या एका कॉलेजात "तुम्हाला मोबाईल चांगला जमतो" एवढ्या पात्रतेवर एलएमएस (नोट्स, परीक्षा, मार्क ऑनलाइन सांभाळणारं सॉफ्टवेअर) माझ्या गळ्यात पडलं ते अजून आहे. तेव्हा उत्तरं त्याच हिशोबानं वाचा. पत्रांवरून बहुतेकांकडं मूडल नावाचं एलएमएस दिसतंय म्हणून बटणांची नावं मूडलचीच देतो.

प्रश्न: सर, मी एसवाय बीएस्सीला केमिस्ट्री शिकवते. दोन वर्षं एकच कोर्स पेज वापरतीय. पार्टिसिपंट्समधे आता १४० नावं झालीत, त्यातली अर्धी मुलं वर्ग सोडून गेली सुद्धा. जुन्या बॅचचे क्विझचे मार्क नव्या मार्कांत मिसळलेत, एक जुना विद्यार्थी तर अजून फोरमवर शंका विचारतोय. ऑफिसातले भाऊ म्हणतात जुनी नावं काढून टाका, एचओडी म्हणतात रीसेट मारा. काय करू? (प्राध्यापिका, कऱ्हाड)

उत्तर: मॅडम, दोन्ही करू नका. हजेरीचं मस्टर वर्ष संपल्यावर आपण खोडरबरनं पुसून त्याच पानावर नवी नावं लिहीत नाही ना, जुनं बांधून कपाटात आणि नवं टेबलावर. कोर्स पेजचंही तेच. दर वर्षी नवी प्रत, जुनं जसंच्या तसं.

आधी रीसेटचं सांगतो कारण माझे हात त्यात भाजलेत. रीसेट म्हणजे कोर्सचा सांगाडा, तुमच्या नोट्स, क्विझ, असाइनमेंटचे डबे हे राहतं आणि पोरांनी केलेलं काम जातं, म्हणजे सबमिशन, क्विझचे अटेम्प्ट, मार्क, फोरमच्या पोस्ट, ज्याला ज्याला टिक केली ते सगळं. बटण चांगलंय, वाईट नाही, पण ते मागं फिरत नाही. २०२१ साली मी दोन टॅब उघडून बसलेलो, एकात मागच्या वर्षीचा कोर्स, दुसऱ्यात चालू, नाव दोन्हीचं एकच "भूगोल सेम ३", आणि रीसेट मारलं ते चालू कोर्सवर. ६३ पोरांच्या असाइनमेंट गेल्या. सर्व्हरचा बॅकअप चार दिवसांपूर्वीचा होता म्हणून बरंचसं परत आलं, पण त्या चार दिवसांत ज्यांनी सबमिट केलेलं त्यांना मी वर्गात उभं राहून सॉरी म्हणालोय, आणि ती पोरं इतकी शहाणी की कुणी काही बोललं नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. लक्षात घ्या, अख्खा कोर्स डिलीट झाला तर तो रीसायकल बिनमधे जातो, ही सोय मूडलमधे २०१६ ला आली, ३.१ आवृत्तीपासून, आणि सेटिंग बदललं नसेल तर सात दिवस तो तिथं थांबतो. रीसेटनं गेलेलं मात्र त्या बिनमधे पण नसतं.

नावं काढण्याचं म्हणाल तर अनएनरोल केल्यावर त्या मुलाचे मार्क ग्रेडबुकमधून दिसेनासे होतात. परत एनरोल करताना जुने ग्रेड रिकव्हर करायची टिक असते, ती आठवली तर येतात, पण ऐन गडबडीत कुणाला आठवतंय? त्यापेक्षा स्टेटस सस्पेंडेड करा. मुलगा आत येऊ शकत नाही, त्याचं काम जागेवर राहतं. तुमचा तो फोरमवरचा पठ्ठ्या पण गप होईल (त्याला एकदा चहाला बोलवा खरं, दोन वर्षांनी केमिस्ट्रीची शंका विचारणारं पोरगं रोज सापडत नाही).

आता नवीन प्रत. कोर्स रीयूजमधे जाऊन कॉपी कोर्स, ही सोय ३.९ पासून म्हणजे २०२० पासून आहे. शिक्षकाला नवा कोर्स तयार करायचा हक्क मुळात नसतो, त्यामुळं बटण दिसलं नाही तर घाबरू नका, अ‍ॅडमिनकडून एक कोरा कोर्स मागून घ्या आणि त्यात इम्पोर्टनं जुन्यातलं ओढा. इम्पोर्टमधे मुलांचा डेटा येतच नाही, उलट बरंच. कॉपी दाबली की काम मागच्या मागं रांगेत लागतं, लगेच कोर्स दिसत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा दाबत बसू नका, आमच्याकडं एका सरांनी असं करून एकाच विषयाच्या चार प्रती काढलेल्या आणि पोरं चारी ठिकाणी विखुरली. शॉर्ट नेम वेगळं लागतं, तिथं विषय, वर्ग, सेम आणि वर्ष चारी घाला, "केम-एसवाय-३-२०२५" असं काहीतरी. माझ्याकडं वर्ष असतं तर ती ६३ पोरं वाचली असती. नव्या कोर्सची सुरुवातीची तारीख टाकली की जुन्या असाइनमेंटच्या तारखा पण तेवढ्याच दिवसांनी पुढं सरकतात, मग एखादी मुदत बरोब्बर गौरी-गणपतीत येऊन बसते, तेव्हा सगळ्या तारखा एकदा डोळ्याखालून घाला.

आणि जुना कोर्स हाइड करायचा तो निकाल लागून रीव्हॅल्युएशन वगैरे सगळं झाल्यावरच, कारण हाइड केलं की मुलाला स्वतःचे मार्क पण दिसत नाहीत. नुसती एंड डेट टाकली की कोर्स बंद होतो असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नसतं, तो फक्त डॅशबोर्डवर "पास्ट"मधे सरकतो, दार उघडंच. डिलीट मात्र कधीच नको. नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) मागच्या वर्षांचं दाखवावं लागतं तेव्हा हेच कोर्स कामाला येतात, स्क्रीनशॉटच्या फायली करत रात्री जागायला लागत नाही.

प्रश्न: सर मी एफवायला आहे. मॅडमनी दिलेली एनरोलमेंट की (कोर्समधे शिरायचा पासवर्ड) टाकून एनरोल झाले पण माझ्या मैत्रिणीला जे धडे दिसतात ते मला दिसत नाहीत, माझ्यात सगळं मागच्या वर्षीचं आहे. (विद्यार्थिनी, दहिवडी)

उत्तर: अगं तू मागच्या वर्षीच्या कोर्समधे घुसलीयस. नाव एकच, की पण एकच ठेवलेली असणार, तुझी काहीच चूक नाही. मैत्रिणीच्या फोनवरनं कोर्सची लिंक घे आणि त्यावरनं जा. तरी नाही दिसलं तर तुझे दोन लॉगिन झालेत का बघ, एक कॉलेजनं दिलेला आणि एक तू स्वतः जीमेलवरनं केलेला, असं लई जणांचं होतं. आणि मॅडमना पण सांग, जुन्या कोर्सचं सेल्फ एनरोलमेंट बंद करा म्हणावं.

प्रश्न: दोन अडचणी आहेत. एक, असाइनमेंटला १० तारखेची मुदत टाकली होती तरी १४ पर्यंत सबमिशन येत राहिले. दोन, मुलं मोबाईलनं वहीची पानं स्कॅन करून पाठवतात ती फाईल चढतच नाही, २ एमबीची मर्यादा दाखवते. मी असाइनमेंटमधे २० एमबी ठेवूनही. (प्राध्यापक, विटा)

उत्तर: सर, पहिलं सोपं आहे. तुम्ही ड्यू डेट टाकलीय, कट-ऑफ डेट टाकली नाही. ड्यू डेट गेली तर मूडल फक्त "उशिरा" असा शिक्का मारतं, घेणं थांबवत नाही. दार खरं बंद होतं ते कट-ऑफला. मी स्वतः दोन्हींत तीन दिवसांचं अंतर ठेवतो आणि वर्गात सांगत नाही. आजारी वगैरे एखाद्यालाच जास्त वेळ द्यायचा तर सबमिशनच्या यादीत त्याच्या नावासमोर एक्स्टेन्शन देता येतं, सगळ्या वर्गाची तारीख हलवायची गरज नाही.

फाईलचं असं, की मर्यादा तीन-चार मजल्यांवर असतात, सर्व्हरची, साइटची, कोर्सची, असाइनमेंटची, आणि त्यातली जी सगळ्यात लहान ती चालते. २ एमबी म्हटल्यावर मला लगेच वास येतो, पीएचपीची (मूडल ज्या भाषेत लिहिलंय ती) मूळ मर्यादाच २ एमबी असते आणि सर्व्हर बसवणाऱ्यानं ती तशीच सोडलेली असणार. तुम्ही खाली २०० केलं तरी फरक पडणार नाही. तुमच्या अ‍ॅडमिनला दोन शब्द लिहून द्या, अपलोड मॅक्स फाईलसाईझ आणि पोस्ट मॅक्स साईझ, दोन्ही वाढवायला लागतात, एकच वाढवून उपयोग नाही, दुसरीची मूळ मर्यादा ८ एमबी आहे. तोवर मुलांना सांगा स्कॅनिंग अ‍ॅपमधे ब्लॅक अँड व्हाइट ठेवा, वहीच्या पानाला रंग कशाला लागतोय.

एका वाचकानं वडूजहून नुसतं एवढंच विचारलंय की मूडल म्हणजे काय हो, हा कुठला शब्द. इंग्रजी लांबलचक नावाची आद्याक्षरं आहेत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधे मार्टिन डुगियामस यांनी ते सुरू केलं, पहिली १.० आवृत्ती ऑगस्ट २००२ ची. फुकट आहे आणि मुक्त सोर्स आहे, म्हणून तर आपल्याकडं पोचलं.

प्रश्न: मी मागची दोन वर्षं एका कॉलेजात सीएचबीवर (तासाच्या हिशोबानं) होतो. कोर्स पेज पूर्ण मी उभं केलं, ३०० प्रश्नांची क्वेश्चन बँक, नोट्स, व्हिडिओ. यंदा मला घेतलं नाही, लॉगिन बंद. आता माझ्याच नोट्सवर दुसरे शिकवतात असं कळलं. मला काही मिळू शकतं का? (वाचक, सातारा)

उत्तर: दादा, पत्र वाचून वाईट वाटलं, असे तुम्ही एकटे नाही. आधी कामाचं. कॉलेजला लेखी अर्ज करा, की माझ्या कोर्सचा बॅकअप मुलांच्या डेटाशिवाय मिळावा. ती एमबीझेड फाईल असते, नव्या कॉलेजच्या मूडलमधे ती रीस्टोर होते. क्वेश्चन बँक वेगळी एक्सपोर्ट करता येते, ती मूडल एक्सएमएल नावाच्या फॉर्मॅटमधे मागा, त्यात प्रश्नातली चित्रं पण येतात. "मुलांच्या डेटाशिवाय" हे शब्द अर्जात लिहाच, कारण मुलांचे मार्क आणि ईमेल तुमच्याबरोबर जाणं चूकच, आणि त्या एका कारणावर ते अर्ज बाजूला टाकतील.

हक्काचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १७ असं म्हणतं की नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा, वेगळा करार नसेल तर. आता तासावर पैसे घेणारा सीएचबी माणूस त्या अर्थी "नोकरीत" धरायचा का, हे तुमच्या नेमणूक पत्रात काय लिहिलंय त्यावर बरंच अवलंबून, ते पत्र घेऊन वकिलाकडं जा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर कायदा काही असो, ३०० प्रश्न एका माणसानं तासाच्या पैशात काढले आणि कोर्सवरून त्याचं नाव पण पुसलं, हे बरोबर नाही. नाव ठेवायला पैसे पडत नाहीत.

जे आता सीएचबीवर आहेत त्यांनी दर सेमला आपला बॅकअप आपल्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा. शिक्षकाच्या लॉगिननं साधारणपणे मुलांच्या डेटाशिवायचाच बॅकअप निघतो, त्यामुळं त्यात लपवाछपवी काही नाही.

प्रश्न: आमच्या संस्थेचा सर्व्हर कॉलेजमधेच आहे, बॅकअप पण त्याच मशीनवर होतो. पुरेसं आहे का? (ग्रंथपाल, मिरज)

उत्तर: सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं माहितीयत ना, जमिनीखाली, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि कितीतरी पेवं गेली. पेवं वाईट नव्हती हो, सगळी एकाच गावात होती. बॅकअपची एक प्रत इमारतीबाहेर हवी, कृष्णेच्या पाण्यापासून लांब असेल तर उत्तम. आणि वर्षातून एकदा तरी बॅकअप खरंच रीस्टोर करून बघा, नुसती फाईल दिसतीय म्हणजे ती उघडते असं नाही.

प्रश्न: मुलगी सांगलीला कॉलेजला येऊन जाऊन करते. गावात रेंज फक्त गच्चीवर. सर लोक तासा-तासाचे व्हिडिओ टाकतात, नेट पुरत नाही. (पालक, जत तालुका)

उत्तर: काका, मूडलचं मोबाईल अ‍ॅप घ्यायला सांगा. त्यात कोर्समधल्या फायली डाउनलोड करून ठेवता येतात, कॉलेजच्या वायफायवर दुपारी उतरवायच्या आणि एसटीत बसायचं. पण यूट्यूबची लिंक टाकलेली असेल तर ती अशी उतरत नाही, म्हणून सरांना माझा निरोप द्या. तासभराचा व्हिडिओ १ एमबीपीएसनं धरला तरी ४५० एमबी होतो, तेच नुसतं बोलणं ६४ केबीपीएसच्या ऑडिओत साधारण २९ एमबी, सोबत पीडीएफ दिली की पोरीचं काम भागतं. फळ्यावर गणित सोडवत असतील तर व्हिडिओ लागतोच, पण इतिहासाच्या तासाला सरांचा चेहरा बघायला ४२० एमबी जास्त कशाला? क्विझ पण अ‍ॅपमधे बिनानेटची सोडवता येते, मात्र सरांनी ती परवानगी चालू केलेली असली पाहिजे, आणि सोडवून झाल्यावर गच्चीवर जाऊन सिंक करायलाच लागतं, ते विसरलं तर उत्तरं फोनमधेच बसतात आणि इकडं मुदत संपते.