स्टेशनबाहेरचा चौक पायी ओलांडणं जिवावर येतं. पालिकेला द्यायच्या निवेदनात नेमकं काय मागावं?

तुमच्या सोसायट्यांच्या निवेदनात तीन मागण्या आहेत: स्कायवॉक, फूटपाथला रेलिंग आणि सिग्नल. पहिल्या दोन काढून टाका, असं मी स्पष्टच सांगेन. रस्त्यावरून साडेपाच मीटर मोकळी उंची सोडून पूल बांधायचा म्हणजे चाळीसेक पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. समोरचं दुकान दहा मीटरवर दिसत असताना भाजीची पिशवी घेतलेला माणूस हे करणार नाही. एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २००८ पासून मुंबईत स्कायवॉक बांधले. स्टेशनच्या पुलावरून थेट लांब जायचं असेल तिथे ते उपयोगी पडतात, चौक ओलांडायला नाही. रेलिंगचं तर उलटंच होतं. मध्येच रस्त्यावर उतरलेल्या माणसाला वर चढायला जागा मिळत नाही, आणि तो गाड्यांच्या बाजूने रेलिंगला चिकटून चालत राहतो.

खरी गोम चौकाच्या कोपऱ्यात असते. तुमच्याकडे कोपऱ्याची त्रिज्या, म्हणजे फूटपाथची कड जिथे वळते तिथला गोलावा, १२ मीटर आहे आणि बाजूचा रस्ता १० मीटर रुंद आहे असं धरू. फूटपाथच्या मधल्या रेषेवरून, म्हणजे कर्बपासून (फूटपाथच्या दगडी कडेपासून) सव्वा मीटर आतून, सरळ चालत आलात तर वळणामुळे दोन्ही बाजूंना साधारण ६.७ मीटर डांबर वाढतं. दहा मीटरचा रस्ता तुमच्यासाठी तेवीस मीटरचा होतो. त्रिज्या ४ मीटर केली, तर तेच अंतर बारा-साडेबारा मीटरवर येतं. सेकंदाला १.२ मीटर या हिशेबाने आधी १९ सेकंद लागायचे, आता १०. शिवाय गोल कोपऱ्यावर डावीकडे वळणारी रिक्षा ब्रेकला पायही लावत नाही. काटकोनी कोपऱ्यावर तिला वेग कमी करावाच लागतो. म्हणून निवेदनात पहिली ओळ हीच लिहा: कोपऱ्याची त्रिज्या कमी करा, लेफ्ट-फ्रीची, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडे वळायची, वेगळी लेन बंद करून ती जागा फूटपाथला द्या.

इथे इंजिनिअर विचारतील, बेस्टची बस वळणार कशी? प्रश्न रास्त आहे. त्या कोपऱ्यावरून बसचा मार्ग खरोखर वळतो का, हे आधी बघून घ्या. चारपैकी बहुतेक वेळा एखाद्याच कोपऱ्यावरून वळत असतो. तेवढा मोठा ठेवा, बाकीचे आवळा. अग्निशमन गाडीसाठी कोपऱ्यात ओबडधोबड दगडी पट्टा थोडा उंच ठेवता येतो. मोठी गाडी त्यावरून जाते, रिक्षा टाळते. मात्र हा पट्टा झेब्राच्या वाटेत येऊ देऊ नका.

जागा किती फुकट पडली आहे हे कळायला सर्व्हे लागत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी झाडलोट व्हायच्या आत जा. चौकात जिथे बारीक खडी आणि धूळ साचलेली दिसते, तिथून चाकं जातच नाहीत. त्या कडेने मोजमाप घ्या, फोटो काढा. मग वाहतूक पोलिसांच्या परवानगीने तेवढा भाग प्लास्टिकचे शंकू आणि बॅरिकेड लावून आठवडाभर बंद ठेवून बघायची मागणी करा. मालाडच्या मीठचौकीला आणि नागपाड्याला अशा तात्पुरत्या चाचण्या झालेल्या आहेत, त्यामुळे पालिकेला ही कल्पना नवी नाही.

मोठा रस्ता दोन्ही दिशांना मिळून १२ मीटरच्या वर असेल, तर मधे थांबायला जागा हवीच. ती दुभाजकाच्या उंचीवर नको. झेब्राच्या रुंदीइतका दुभाजक कापून रस्त्याच्या पातळीवर घ्या, म्हणजे व्हीलचेअर आणि बाबागाडी सरळ जाते. ओलांडायच्या दिशेने या जागेची लांबी निदान दोन मीटर हवी, नाहीतर मागे व्हीलचेअर ढकलणारा माणूस लेनमध्येच उभा राहतो. फूटपाथवरून उतरायचा रॅम्प १:१२ च्या उताराचा हवा. म्हणजे १५० मिलिमीटर उंचीच्या कर्बला १.८ मीटर लांबी लागते. कंत्राटदार तो हमखास अर्ध्या मीटरात उरकतात. टेप लावून तपासा.

बाजूच्या छोट्या रस्त्यावर झेब्राच फूटपाथच्या उंचीला उचलून घेणं सर्वात चांगलं. पण मुंबईत हे काम बिघडतं ते पाण्यामुळे. कर्बच्या कडेने वाहणारं पाणी उचललेल्या भागापाशी अडतं आणि पहिल्याच जोरदार सरीत तिथे तळं होतं. त्यामुळे उताराच्या वरच्या बाजूला गटाराची नवी जाळी आधी, उंचवटा नंतर. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, नाहीतर काठी आणि चाक अडकतं. उंचवटा पेव्हर ब्लॉकचा तर नकोच: बस ब्रेक मारते तसे ब्लॉक सरकतात, खालची वाळू पावसात वाहून जाते आणि दोन वर्षांत खड्डा. काँक्रीटच मागा, अर्धा रस्ता एका वेळी बंद ठेवून.

झेब्राबद्दल दोनच गोष्टी: काँक्रीटवर पांढरे पट्टे नीट उठून दिसत नाहीत, म्हणून मधल्या पट्ट्यांत काळा रंग हवा, आणि पट्ट्यांसाठी वितळवून लावतात तो थर्मोप्लास्टिक रंग ओल्या पृष्ठभागावर धरत नाही.

सिग्नलची तुमची मागणी योग्य आहे, पण आकडे जोडा. जुना ढोबळ निकष असा: तासाभरात ओलांडणारी माणसं गुणिले वाहनांच्या संख्येचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींच्या वर गेला, तर माणसांना ओलांडण्यासाठी नियंत्रित सोय हवी. ४०० माणसं आणि ६०० वाहनं असली तरी १४ कोटी ४० लाख होतात. तुमचा स्टेशनजवळचा चौक संध्याकाळी याच्या कितीतरी पुढे असेल. गर्दीचे चार तास मोजून सरासरी द्या. पादचारी हिरवा दिवा म्हणजे निघायला ७ सेकंद, अधिक ओलांडायचा वेळ. पूर्ण चक्र ९० सेकंदांच्या आसपास ठेवायला सांगा. तीन-तीन मिनिटं लाल दिवा ठेवला तर कोणीच थांबत नाही.

अर्ज वॉर्ड ऑफिसमध्ये सहायक आयुक्तांच्या नावे द्या, प्रत पालिकेच्या रस्ते विभागाला आणि वाहतूक पोलिसांना. रस्त्याची खोदाई साधारण ऑक्टोबर ते मे या काळातच होते, म्हणून अर्ज पावसाळ्यातच पोचवा. तुमच्या रस्त्याचं काँक्रिटीकरण यादीत असेल, तर कोपरे, जाळ्या आणि सिग्नलच्या केबलसाठी आडवे पाइप त्याच कामात घालून घ्या. काँक्रीट पडल्यावर त्यासाठी पुन्हा चर खणू देणार नाहीत.